फणी, कात्री आणि यल्लमाची जट

मार्गशीर्षात सांगली जिल्ह्यातल्या जतला यल्लमाची यात्रा भरते. खिलार बैलांचे सौदे होतात, भंडारा उधळला जातो आणि त्या गर्दीत डोक्यावर परडी घेतलेल्या, केसांचा एकच जाड, काळपट-पिवळा दोर पाठीवर सोडलेल्या बायका दिसतात. कुणाचा दोर खांद्यापर्यंत, कुणाचा गुडघ्यापर्यंत. काहीजणी तो डोक्यावर गुंडाळून पदराखाली झाकतात. ही जट. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडच्या बेळगाव पट्ट्यात जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लमाचं बोलावणं, असं पिढ्यान्पिढ्या मानलं गेलं.

साधूच्या जटांना आपल्याकडे वेगळा मान आहे. शिखर शिंगणापूरच्या वाटेवर जटाधारी गोसावी दिसला की लोक वाकून नमस्कार करतात. त्याने त्या स्वतःहून राखलेल्या असतात आणि वाटलं तर तो त्या उतरवूही शकतो. घरातल्या बाईला किंवा पोरीला आलेली जट मात्र तिला विचारून येत नसे. तिचा अर्थ गावातला देवऋषी किंवा जोगती ठरवी आणि तो अर्थ ठरला की तिचं पुढचं आयुष्यही ठरून जाई. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं जाई, हातात परडी येई, मंगळवार-शुक्रवार जोगवा सुरू होई. लग्नाचा विषय संपे.

हे सगळं सुरू होई ते केसांच्या एका गुंत्यापासून.

माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. फणी फिरली की ते निघून जातात. फणी फिरली नाही तर उभ्या केसांतच अडकून राहतात. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. घाम, तेल, धूळ आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत रुततात. मेंढीची लोकर रगडून घोंगडी घट्ट करावी, तसा हा प्रकार आहे. एकदा गाठ बसली की आजूबाजूचे केसही तिच्यात ओढले जातात. बाळंतपण, लांबलेलं आजारपण, मनाची उदासी, उवांनी भरलेलं डोकं, अशा कुठल्याही कारणाने दोन-तीन आठवडे केसांकडे दुर्लक्ष झालं तरी सुरुवातीला तेवढं पुरतं.

त्यात कोंड्याची भर पडते. मलासेझिया नावाची बुरशी जवळपास प्रत्येक माणसाच्या टाळूवर राहते. लुई-शार्ल मलासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1874 मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांत तिचे कण पाहिले, म्हणून त्याचं नाव तिला मिळालं. टाळूतून पाझरणारा तेलकटपणा हे तिचं अन्न. डोकं वेळच्या वेळी धुतलं तर ती आटोक्यात राहते. जटेच्या बुडाशी मात्र तिला हवं ते सगळं मिळतं: तेल, ओल, ऊब आणि अंधार. खाज सुटते, नखं लागतात, जखमा होतात, पापुद्रे आणि लस केसांत सुकून गुंता आणखी चिकट करतात. वर दर मंगळवारी-शुक्रवारी तेल आणि भंडारा. देवीची सेवा म्हणून जे वाहिलं जाई, त्यातलं तेल थेट बुरशीच्या ताटात पडत होतं.

फणी लावणं वर्ज्य. कात्री लावली तर घरात कुणीतरी दगावतं, अंगात वारं भरतं, डोळे जातात, अशी भीती. पाण्याबद्दल घरोघरी वेगळे नेम असत. आणि या भागात पाण्याचा प्रश्न नुसता श्रद्धेचा नव्हता. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला माण आणि त्याला लागून सांगलीचे आटपाडी, जत हे तालुके पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. गंमत अशी की डोकं धुण्याची शिकेकाई वाढते ती पावसाळी सह्याद्रीच्या जंगलात. जिथे प्यायचा हंडाच दोन कोसांवरून येई, तिथे सासुरवाशिणीच्या न्हाण्यासाठी दोन घंगाळं पाणी कोण तापवणार? देवीच्या कोपाइतकाच दुष्काळाचाही जटेत हात असावा, असं या तालुक्यांकडे पाहिल्यावर वाटल्याशिवाय राहत नाही.

यल्लमाच्या स्वतःच्या कथेत मात्र आंघोळच औषध आहे. जमदग्नीच्या शापाने रेणुकेचं, म्हणजेच यल्लमाचं, अंग रोगाने सडलं, तेव्हा एकय्या आणि जोगय्या या दोन योग्यांनी तिला स्नान घालून बरं केलं, असं सौंदत्तीची परंपरा सांगते. डोंगराखालच्या जोगुळभावीत भाविक आजही त्वचारोग जावा म्हणून आंघोळ करतात. जिची कातडी पाण्याने बरी झाली, त्या देवीच्या नावाने बायकांच्या डोक्याला पाणी पारखं व्हावं, हा विरोधाभास भक्तांना कधी खटकलेला दिसत नाही.

हा प्रकार आपल्याच मातीतला आहे, असं मानायचंही कारण नाही. पोलंडमध्ये काही शतकं अशाच गुंत्याला कोल्तून म्हणत. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं नावच मुळी प्लायका पोलोनिका, म्हणजे पोलंडची जट, असं पडलं. शरीरातला रोग त्या केसांवाटे बाहेर पडतो आणि गुंता कापला तर माणूस आंधळा किंवा वेडा होतो, अशी तिथल्या शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पुढे क्राकूव शहराचा नगराध्यक्ष झालेला डॉक्टर युझेफ डीटल एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिच्या मागे लागला आणि हा वेगळा रोग नसून निगा न राखल्याचा परिणाम आहे, असं त्याने मांडलं. देश निराळा, भीती तीच.

महाराष्ट्रात बाईच्या केसांवर बाईचा हक्क नसण्याचं दुसरंही एक उदाहरण आहे, अगदी उलट्या दिशेचं. ब्राह्मण विधवेचं केशवपन सक्तीचं होतं. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं ठरवलं. या चळवळीमागचे जोतीराव फुले मूळ साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. एका जातीत केस ठेवले तर पाप, दुसऱ्या जातीत कापले तर पाप. जटेच्या बाबतीत न्हाव्यांचा संप उपयोगाचा नव्हता, तिथे कुणीतरी कात्री हातात घ्यायची गरज होती. ती घेतली जायला आणखी शंभर वर्षं गेली.

मधल्या काळात देवीला सोडलेल्या या बायकांसाठी, म्हणजे देवदासींसाठी, कायदे झाले. मुंबई इलाख्याने 1934 मध्ये देवदासी संरक्षण कायदा केला. पण तेव्हा हा मुलूख तुकड्यातुकड्यांत वाटलेला होता. सातारा इंग्रजांच्या थेट अमलाखाली, तर सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं. इलाख्याचा कायदा संस्थानांच्या शिवेवर थांबे आणि यात्रेला निघालेल्या जोगतिणींना शीव माहीत नव्हती. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. 1975 मध्ये डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवली, तेव्हा या बायका पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलू लागल्या. कर्नाटकाने 1982 मध्ये आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये नवे कायदे केले.

जोगतिणींचं हे जगणं साहित्यानेही टिपलं. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावच्या चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा आणि राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या यांवर राजीव पाटील यांनी 2009 मध्ये ‘जोगवा’ चित्रपट केला. त्यातल्या सुलीचं आयुष्य केसांत निघालेल्या जटेनेच उलटंपालटं होतं. शहरी प्रेक्षकाला जट म्हणजे काय हे पहिल्यांदा कळलं ते बहुधा या चित्रपटामुळे.

कात्री हातात घेतली ती अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, वैद्यकीचं शिक्षण मिरजेचं. जट हा विषय त्यांच्या अंगणातलाच होता. समितीतल्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा उतरवल्या आहेत. त्या स्वतः ब्यूटी पार्लर चालवत असत. कापण्याचं काम तासाभराचं, मन वळवण्याचं महिन्यांचं. नवरा, सासू, गावातला देवऋषी, सगळ्यांशी बोलावं लागतं. आणि जट उतरल्यावर बायका बहुतेकदा देवीबद्दल काही बोलत नाहीत, मानेबद्दल बोलतात. वर्षानुवर्षं ओझ्याने आखडलेली मान मोकळी झाली, कुशीवर झोप लागली, हे आधी सांगतात.

या कामावर टीकाही झाली आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लुसिंडा रॅम्बर्ग यांनी उत्तर कर्नाटकातल्या जोगतिणींमध्ये राहून 2009 मध्ये ‘मॅजिकल हेअर अ‍ॅज डर्ट’ हा निबंध लिहिला. ज्या केसांत त्या बायका देवीचं असणं पाहतात, त्यात सुधारकांना नुसती घाण दिसते, हा त्यांचा रोख. त्यात तथ्य आहे. जट हे काहीजणींसाठी गावात मिळणाऱ्या मानाचं आणि जोगव्यावर चालणाऱ्या पोटाचं साधन होतं. कात्री लावणाऱ्याने पोटाचा विचार केला नाही तर तो अर्धंच काम करतो. पण डोक्यात जखमा घेऊन जगणाऱ्या बाईला तिच्या श्रद्धेचा मान म्हणून तसंच राहू द्यावं, हेही पटत नाही. तिला विचारावं, डॉक्टरांना दाखवावं आणि ती हो म्हणाली तरच कापावं, इतकं सरळ आहे ते.

आता शहरातली मुलं-मुली हौसेने ड्रेडलॉक करून घेतात. त्यांचा मार्ग निराळा. केसांचे भाग पाडलेले असतात, त्यामुळे मधली टाळू उघडी राहते आणि धुता येते. रिठ्याचं किंवा शिकेकाईचं पाणी त्यांनाही चालतं, पण पूड थेट लावू नये. तिचे कण आत अडकतात आणि कोंड्यासारखे दिसत राहतात. उकळून, फडक्याने गाळून घेतलेलं पाणी बोटांनी फक्त टाळूला चोळावं, भरपूर पाण्याने धुवावं, बटा पिळून उन्हात पूर्ण सुकवाव्यात. ओल राहिली तर आत कुबट वास धरतो. तेल जपून. एवढं करूनही खाज राहिली तर केटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून वापरावा.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत 12 कलमं आहेत, जटेचा वेगळा उल्लेख त्यांत नाही. म्हणून पहिला उपाय घरातच करायचा आहे. पोरीच्या केसांत गुंता दिसला तर देवऋष्याकडे नेऊ नका. खोबरेल लावा, बोटांनी सोडवा, मग टोकाकडून वर रुंद दातांची फणी फिरवा. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक गुंते कात्रीशिवाय सुटतात.