सुंभ जळाला, पीळ राहिला

बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ साली पंढरपूरला पोचली. त्याआधी आगगाडीने येणारा वारकरी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरायचा आणि पुढची वाट बैलगाडीने, नाहीतर पायी काटायचा. सोलापुरात रेल्वे १८६० मध्येच आली होती. तेव्हा स्टेशनवर उतरल्यावर बोचकी, पोरेबाळे आणि म्हातारी माणसे घेऊन घरापर्यंत कसे जायचे, हा प्रश्न या जिल्ह्याला जुनाच. अमेरिकेत याच प्रश्नातून एक मोटार जन्माला आली आणि स्टेशनचे नावच तिला चिकटले : स्टेशन वॅगन.

तिचे आधीचे नाव होते डेपो हॅक. डेपो म्हणजे तिकडचे रेल्वे स्टेशन आणि हॅक म्हणजे भाड्याची गाडी. थोडक्यात, आपला स्टेशनाबाहेरचा टांगा, फक्त पुढे घोड्याऐवजी इंजिन. कारखान्यातून चेसिस आणायची आणि गावातल्या सुताराकडून तिच्यावर बाके, खांब आणि छप्पर चढवून घ्यायचे. लाकूड वापरले ते शोभेसाठी नव्हे. पत्रा दाबून आकार द्यायचा तर लोखंडी साचे लागतात, आणि साच्यांचा खर्च हजारो गाड्या खपल्या तरच निघतो. चार-दोन गाड्यांसाठी करवत आणि रंधा स्वस्त. आपल्याकडेही हाच हिशेब चालत होता. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला निघालेल्या पहिल्या एसटीची बॉडी लाकडीच होती.

फोर्डने १९२९ मध्ये मॉडेल ए गाडीच्या चेसिसवर स्वतःची स्टेशन वॅगन बाजारात आणली. तिचे लाकूड कंपनीच्याच मिशिगनमधल्या जंगलातले आणि आयर्न माउंटनच्या गिरणीतले. गिरणीत उरणाऱ्या तुकड्यांचे आणि भुश्शाचे करायचे काय? फोर्डने त्यांचा कोळसा करून वड्या पाडल्या. अमेरिकन घरांच्या अंगणात मांस भाजायला वापरला जाणारा किंग्जफर्ड कोळसा त्याच वड्यांचा वारस आहे.

लाकडी गाडी सांभाळणे मात्र जिकिरीचे. दरवर्षी घासा, वॉर्निश लावा, सांधे करकरू लागले की आवळा. पाणी मुरले की चौकट खालून कुजायची. एवढा व्याप करायला हाताखाली माणसे लागतात, त्यामुळे कालचा स्टेशनवरचा टांगा हळूहळू मळेवाल्या, बंगलेवाल्या श्रीमंतांची खूण झाला. गंमत इथे सुरू होते. १९४९ मध्ये प्लिमथने संपूर्ण पोलादी सबर्बन आणली, १९५३ च्या ब्युइकनंतर अमेरिकेत खऱ्या लाकडाची वॅगन बनलीच नाही, आणि तरीही गिऱ्हाइकाला गाडीवर लाकूड दिसायला हवेच होते. फोर्डच्या कंट्री स्क्वायरने ती हौस पुरवली : आत पत्रा, वर महोगनीचे चित्र, भोवती फिक्या रंगाची चौकट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर कंपनीच पीळ विकू लागली.

इंग्लंडमध्ये या घसरगुंडीची मधली पायरी पाहायला मिळते. १९५३ ते १९७१ दरम्यान बनलेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरची मागची अ‍ॅश लाकडाची चौकट खरोखर भार पेलते. ती कुजली तर गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची राहत नाही. त्यानंतरच्या मिनी ट्रॅव्हलरवरही लाकूड खरेच होते, पण पत्र्यावर नुसते चिकटवलेले. काढून ठेवले तरी गाडी तशीच धावेल.

लाकडाचे चित्र ज्या फिल्मवर छापले जाई तिचे नाव डाय-नॉक. क्लीव्हलंडच्या कंपनीचा हा माल पुढे थ्रीएम कंपनीकडे गेला. पण खोट्या लाकडाची कुळकथा शोधताना मराठी वाचकाने अमेरिकेत फार वेळ थांबू नये. ती रत्नागिरीवरूनही जाते.

आपल्या घराघरात लाकडाच्या चित्राला सनमायका म्हणतात. अमेरिकेत १९१३ मध्ये फॉर्मायका कंपनी निघाली. विजेच्या कामात अभ्रकाऐवजी, म्हणजे मायकाऐवजी वापरायचा माल, म्हणून ते नाव. सनमायका हा मुळात एका कंपनीचा छाप, पण वनस्पती तुपाला जसे सर्रास डालडा म्हटले गेले, तसे कुठल्याही लॅमिनेटला हेच नाव पडले. हा छाप होता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा मूळ धंदा ब्रह्मदेशातला साग तोडून विकण्याचा. ओंडके कमी दाखवल्याच्या आरोपावरून राजा थिबाने तिला दंड ठोठावला. त्याचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध पुकारले, आणि थिबा गादी गमावून रत्नागिरीला नजरकैदेत आला. तो तिथेच १९१६ साली वारला. ज्या कंपनीच्या खऱ्या सागापायी राजाचे राज्य गेले, तिनेच पुढे कागदावरचा साग विकला!

आता कोणी म्हणेल, मग गाडीलाही सनमायकाच लावा. तो लागत नाही. राळेत भिजवलेल्या कागदांचे थर दाबून बनवलेला तो ताठ तक्ता टेबलावर सपाट बसतो, एका दिशेने थोडा वळतोही. पण दाराचा पत्रा दोन्ही दिशांनी फुगीर असतो आणि तिथे तो तडकतो. गाडीला ताणली जाणारी विनायल फिल्मच हवी.

जुनी वॅगन सावरायला घेणाऱ्याची पंचाईत या फिल्मपाशीच होते. ऊन खाऊन ती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि अक्रोडाचा रंग पिठूळ होतो. सोलापूरच्या मे महिन्यात काय होईल हे सांगायला नको. एका दारापुरता तुकडा मिळाला तरी उपयोग नाही, कारण शेजारच्या दाराचा रंग तोवर उडालेला असतो. एक अख्खी बाजू एकदम करावी लागते. हीट गनने जुनी फिल्म ऊन करून प्लास्टिकच्या पातीने सोलायची, गोंद पुसायचा, मग खालचा पत्रा बघायचा. चौकटीच्या पट्ट्या ज्या क्लिपांवर बसतात त्यांच्या भोकांतून पाणी शिरून गंज धरलेला असतो. तो काढून, पोचे भरून, रंग मारल्याशिवाय नवी फिल्म लावण्यात अर्थ नाही. पातळ फिल्मखाली वाळूचा कणही फोडासारखा दिसतो. पट्ट्या मात्र शक्यतो जुन्याच वाचवाव्यात. फिल्म नवी छापून मिळते, मोडलेली पट्टी भंगारातल्या दुसऱ्या गाडीवरूनच शोधावी लागते.

सोलापुरात हे काम निघाले तर पत्रा डेंटरकडे जाईल आणि फिल्म रेडियमवाल्याकडे. नंबरप्लेटवर अक्षरे चिकटवणाऱ्या त्या कारागिराला साबणाचे पाणी शिंपडून, मधून कडेकडे पट्टी ओढत बुडबुडे काढायची कला आधीच येते. पण चित्र पसंत करायला जकार्ड मागावर काम केलेला माणूस सोबत न्यावा. चादरीवरची वेल ठरावीक अंतराने पुन्हा येते, हे त्याच्या नजरेत मुरलेले असते. छापील लाकडातही रिपीट असतोच : तीच गाठ, तोच वळसा, थोड्या अंतरावर पुन्हा. खऱ्या झाडात कोणत्याही दोन गाठी सारख्या नसतात. पुढच्या आणि मागच्या दारावर तीच गाठ त्याच उंचीला आली, तर सोंग तिथेच उघडे पडते. म्हणून फिल्म कापताना थोडी पुढे-मागे सरकवून घ्यावी. वाया जाईल ती जाऊ द्यावी.

टेल्कोने १९९२ मध्ये पुण्यात बनवलेली टाटा इस्टेट ही आपल्याकडची ओळखीची स्टेशन वॅगन. तिच्या अंगावर लाकूड कधीच आले नाही; आपल्याकडे ही हौस काचेच्या आत, डॅशबोर्डवरच्या ‘वुडन फिनिश’ पट्ट्यांवर भागली. अमेरिकेत कंट्री स्क्वायर १९९१ मध्ये बंद झाली आणि लाकडाच्या चित्राची ब्युइक रोडमास्टर वॅगन १९९६ मध्ये. डाय-नॉक फिल्म आजही मिळते, पण ती आता मुख्यतः लिफ्टच्या आतल्या बाजूंना, ऑफिसच्या दारांना आणि भिंतींना लावली जाते. जुन्या गाड्यांचे हौशी मालक भिंतीचा तो माल आणतात, उन्हापासून वाचवायला वरून पारदर्शक थर देतात आणि गाडीच्या दारावर चढवतात.