अंगणापासून कुरणापर्यंत : कोसबाडच्या शाळेचा इतिहास

मुलाने शाळेत यावे, ही अपेक्षा सर्वत्रच असते. शाळेने मुलाकडे जावे, हा विचार मात्र आपल्या देशात फार थोड्यांनी आचरणात आणला. त्यांत कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांचे स्थान अग्रगण्य आहे. परप्रांतात संसार थाटलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा इतिहास विशेष जवळचा वाटावा. कारण ताराबाईंच्या कार्याचा पाया महाराष्ट्राबाहेरच घातला गेला.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. राजकोट येथील नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या आणि गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराच्या कार्यात सामील झाल्या. मॉन्टेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचा तो प्रयत्न होता. मराठी घरातील ही विदुषी गुजराती मुलांत रमली, गुजराती शिक्षणपत्रिकेच्या संपादनात सहभागी झाली. पुढे १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला.

परंतु शहरातील बालमंदिरे सुखवस्तू घरांपुरतीच राहतात, हे शल्य त्यांना बोचत होते. परदेशी धर्तीची महागडी साधने खेड्याला कशी परवडावीत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मोरगावला १९१० साली जन्मलेल्या अनुताईंना बालवयातच वैधव्य आले होते. शिक्षणाने माणूस कसा उभा राहतो, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात अनुभवले होते.

बोर्डीच्या बालवाडीत मागासवर्गीय वस्तीतील मुले येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्या वस्तीतील अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द येथूनच रूढ झाला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभली, तेव्हा हाच शब्द देशभर पोहोचला.

संस्थेने १९५७ साली आपले कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. भोवतालची वस्ती वारल्यांची. याच परिसरात १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला होता. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या या समाजाला शाळेविषयी ओढ वाटण्याचे काहीच कारण नव्हते. मुलगे गुरे राखीत, मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत.

यावर 'विकासवाडी'ची योजना पुढे आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवले, की मोठी बहीण निर्धास्तपणे वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली. गुरे चरत असताना शिक्षक तेथेच जाऊन शिकवीत. शिंपले, खडे, बिया, पाने, माती, बांबू ही साधने झाली. अंघोळ, नखे, केस यांची निगा, गाणी, नाच, गोष्टी, बागकाम यांना अक्षर-अंकांइतकेच महत्त्व मिळाले.

या अभ्यासक्रमाचे मर्म असे, की मुलाचे घर, बोली आणि काम यांना शाळेने अडथळा मानले नाही. त्यांच्यापासूनच शिक्षणाला प्रारंभ केला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हा सन्मान लाभला. अनुक्रमे १९७३ व १९९२ साली त्या निवर्तल्या.

आपली मुले शाळेत एक भाषा बोलतात व घरी दुसरी. कित्येकदा शाळेच्या भाषेपुढे घरची मराठी त्यांना कमीपणाची वाटू लागते आणि पालकही नकळत त्यास दुजोरा देतात. वारली मुलाच्या बोलीतही शिक्षणाचे बीज पाहणाऱ्या या दोघींचे उदाहरण अशा वेळी डोळ्यांपुढे असावे. तसेच, या प्रांतात आपल्या शेजारी राहणाऱ्या, आपल्या घरी कामास येणाऱ्या माणसांच्या मुलांसाठी आपले अंगण खुले आहे काय, हेही प्रत्येक मराठी मंडळाने स्वतःस विचारावे. ताराबाईंनी भावनगरात परक्यांची मुले आपली मानली. त्याच वाटेने पुढे कोसबाडची टेकडी आली.