बडोदे सरकारची माणसे

मल्हारराव गायकवाडांना १८७५ च्या एप्रिलमध्ये पदच्युत करून मद्रासकडे रवाना करण्यात आले, तेव्हा बडोद्यास राजा हवा होता, दिवाण हवा होता आणि महालाच्या कचेरीपासून हुजूर दप्तरापर्यंत विश्वासाने काम सोपवावे अशी माणसेही हवी होती. या तिन्ही गरजा संस्थानाने बाहेरून भागविल्या. राजा आला तो नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या, गायकवाडांच्याच शेतकरी शाखेतून, बारा वर्षांचा, अक्षरशत्रू असा गोपाळराव. महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी त्याला दत्तक घेऊन सयाजीराव हे नाव दिले. दिवाण आले ते राजा सर टी. माधवराव, कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरकडील मराठी देशस्थ परंपरेतले आणि त्रावणकोर व इंदूर या दोन दरबारांचा अनुभव गाठीशी बांधून आलेले. म्हणजे ज्या राजवटीने पुढे गुणी माणसे हेरून आणण्याबद्दल हिंदुस्थानभर लौकिक मिळविला, त्या राजवटीचा अधिपती स्वतःच हेरून आणलेला होता, आणि एफ. ए. एच. इलियट या शिक्षकाच्या हाताखाली अवघ्या सहा वर्षांत तो राज्यकारभार हाती घेण्याजोगा तयार झाला. एखाद्या अनघड मुलाला योग्य शिक्षण मिळाले तर तो काय होऊ शकतो, हे सयाजीरावांना कोणी पुस्तकातून पटवून देण्याचे कारण नव्हते.

बाहेरची हुशार माणसे आणण्याचा उपक्रम बडोद्यात यापूर्वी झाला नव्हता असे नाही. खुद्द मल्हाररावांनी १८७४ साली दादाभाई नौरोजींना दिवाणगिरी दिली होती, आणि दादाभाईंनी आपल्याबरोबर काझी शहाबुद्दीन, होरमसजी वाडिया, बाळ मंगेश वागळे असे निवडक सहकारी आणले होते. परंतु राजाची मर्जी एका बाजूस आणि दिवाणाची शिस्त दुसऱ्या बाजूस, अशा ओढाताणीत ते मंडळ काही महिन्यांतच विस्कटले आणि दादाभाई राजीनामा देऊन मोकळे झाले. माणूस नेमणे ही एका हुकुमाची बाब आहे. नेमलेल्या माणसाला काम करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे ही निराळी, आणि कितीतरी अवघड. शहाबुद्दीन मात्र पुढे बडोद्यास परतले आणि माधवरावांच्या पाठोपाठ त्यांनी दिवाणपद भूषविले. राजवट बदलली की तोच माणूस त्याच जागी टिकतो, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२८ डिसेंबर १८८१ रोजी अधिकारसूत्रे हाती आल्यावर सयाजीरावांनी जी माणसे जमविली, त्यांची नुसती नावे काढली तरी त्या काळच्या हिंदुस्थानचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. न्यायखात्यात बद्रुद्दीन तय्यबजींचे पुतणे अब्बास तय्यबजी होते. महसुलाकडे आणि अखेर दिवाणपदी बंगालचे रमेशचंद्र दत्त आले, आणि ३० नोव्हेंबर १९०९ रोजी ते बडोद्यातच वारले. संगीतशाळा १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती सोपविली गेली, आणि १९१२ पासून फैयाज खाँ दरबारचे गायक झाले. लक्ष्मीविलास राजवाडा मेजर मँट यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी पुरा केला. बागा सजविण्यास क्रुंबीगल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ आला. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये महाराजांचे वाचक म्हणून आले, पुढे राजपुत्रांचे शिक्षक झाले, आणि मराठी रियासतीचे बरेचसे खंड त्यांनी याच चाकरीत असताना लिहिले. इतिहासकाराला वाचकाच्या जागेवर नेमणे हा वरकरणी अपव्यय वाटेल. पण पुस्तके, प्रवास आणि थोडीबहुत फुरसत या तीन गोष्टी इतिहासकाराला लागतात, आणि त्या तिन्ही त्या जागेबरोबर येत होत्या.

केवळ नामवंतांना आणून दरबार सजविणे हा बहुतेक संस्थानिकांचा शौक होता. सयाजीरावांचे वेगळेपण त्याच्या पलीकडे होते: परक्याकडून विद्या घेऊन ती स्थानिकांच्या हाती जाईल याची तजवीज ते करीत. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या कल्पनेतून १८९० साली कलाभवन उभे राहिले, आणि त्यात रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या आदी विषय गुजरातीतून शिकविण्याचा आग्रह धरण्यात आला. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी, आणि १९०७ मध्ये अलेंबिक हा औषधांचा कारखाना काढणारे कोटीभास्कर व अमीन हे गज्जरांच्याच शिष्यवर्गातले. ग्रंथालयांच्या बाबतीतही हीच रीत. अमेरिकेतील वाचनालये पाहून भारावलेल्या महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावले, आणि सुमारे तीन वर्षांत त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवून, ग्रंथपालनाचा वर्ग चालवून स्वदेशचा रस्ता धरला. तो गेला तरी काम थांबले नाही, कारण वसो गावचे शिक्षक मोतीभाई अमीन यांच्यासारखी माणसे अगोदरच खेडोपाडी वाचनालये काढीत होती, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरविण्याची व्यवस्था त्यांच्या हाती सुरक्षित होती. बाहेरचा तज्ज्ञ किती वर्षे राहिला यापेक्षा तो गेल्यावर काय उरले, हा प्रश्न बडोद्याच्या दप्तराने बरोबर ओळखला होता असे म्हणावे लागते.

जाणारे तर जात होतेच. अरविंद घोष यांचेच पाहा. लंडनमध्ये महाराजांची भेट होऊन १८९३ साली ते दरमहा दोनशे रुपयांवर बडोद्यास आले; जमाबंदीच्या खात्यात, मग स्टॅम्प व महसुलाच्या कचेऱ्यांत, मग हुजूर सचिवालयात मसुदे लिहिण्यास, आणि शेवटी महाविद्यालयात फ्रेंच व इंग्रजी शिकविण्यास, असा त्यांचा प्रवास झाला. खासेराव जाधवांच्या घरी राहून त्यांनी मराठी व गुजराती आत्मसात केली. १९०३ च्या काश्मीर दौऱ्यात महाराजांनी त्यांना चिटणीस म्हणून बरोबर नेले, पण तो प्रयोग साधला नाही, आणि तो न साधण्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याचे चित्त अन्यत्र गुंतले आहे अशा माणसाकडून वेळच्या वेळी कागद हातावेगळे होण्याची अपेक्षा करणे हा महाराजांचा भाबडेपणा होता. १९०६ मध्ये उपप्राचार्यपद सोडून ते कमी वेतनावर कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात गेले. गज्जर मुंबईस जाऊन स्वतःची प्रयोगशाळा चालवू लागले, क्रुंबीगल कालांतराने म्हैसूरकरांच्या सेवेत दाखल झाला, आणि अब्बास तय्यबजी निवृत्तीनंतर, शहात्तर वर्षांच्या वयात, धारासन्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करताना पकडले गेले. यांपैकी कोणी गेले ते मोठ्या कामाच्या ओढीने, कोणी स्वतंत्र व्यवसायाच्या. अशा जाण्याबद्दल संस्थानाला दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु एक जाणे निराळे होते.

अंत्यजांच्या मुलांसाठी बडोदे सरकारने १८८२-८३ पासून शाळा काढण्यास आरंभ केला, तेव्हा पहिली अडचण विद्यार्थ्यांची नव्हे तर शिक्षकांची पडली. सवर्ण हिंदू शिक्षक त्या शाळांत जावयास तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि १९०८ मध्ये पंजाबातून आर्यसमाजाचे आत्माराम पंडित आणले गेले तेव्हा कोठे त्या खात्याला जीव आला. या अनुभवातून जी खूण पटावयास हवी होती ती दरबाराला पुरेशी पटलेली दिसत नाही: खजिन्यातून पैसा निघतो, शाळेची इमारत उभी राहते, पण हुकूम जेथे माणसाच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येतो तेथे त्याचा अंमल संपतो.

भीमराव रामजी आंबेडकर यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या शिफारशीने बडोद्याकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते बी. ए. झाले. १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि पित्याच्या अखेरच्या आजारामुळे परत फिरले. त्याच वर्षी जून महिन्यात संस्थानाशी करार होऊन, शिक्षणानंतर दहा वर्षे चाकरी करण्याच्या अटीवर, त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविण्यात आले. निवड अचूक होती आणि तयारी सर्वोत्तम होती. कोणत्याही कारखान्याने, कोणत्याही सरकारने आपल्या उमेदवारावर याहून विचारपूर्वक खर्च केल्याचे उदाहरण त्या काळात सहजी सापडणार नाही.

१९१७ मध्ये ते बडोद्यास उतरले ते अकौंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून. पुढे घडलेली हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते एका पारशी धर्मशाळेत गेले. सदरा-कस्ती नसल्यामुळे हा इसम पारशी नव्हे हे रखवालदाराने ओळखले. तरी दीड रुपया रोजाने, वहीत पारशी नाव घालून, त्याने त्यांना ठेवून घेतले. वरच्या मजल्यावर निजण्याची एक लहान खोली, शेजारी अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना, दुसरा उतारू नाही, विजेचा दिवा नाही. संध्याकाळी रखवालदार एक छोटा कंदील आणून ठेवी आणि त्या उजेडात हा कोलंबियाचा पदवीधर पुस्तक वाचीत एकाकीपणा विसरू पाही. कचेरीत शिपाई कागदपत्रे हाती न देता दुरून मेजावर टाकीत, पिण्याच्या पाण्यास हात लावण्याची मुभा नसे. सरकारी बंगल्यासाठी अर्ज दिलेला होता, त्याचा निकाल लागत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी फर्मावले. आठ दिवसांची मुदत मागितली, मिळाली नाही. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने पत्नी परगावाहून यावयाची आहे, तिला विचारावे लागेल, असे म्हणून टाळले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाठी बागेत बसून काढले. ती बाग सयाजीरावांनीच प्रजेच्या विसाव्यासाठी केलेली.

आता दोष कोणाचा, असा प्रश्न पुढे वारंवार केला गेला आहे, आणि महाराजांच्या भक्तांनी त्याचे उत्तर शहराच्या सनातनी वृत्तीवर ढकलून विषय संपविला आहे. मला ते पुरते पटत नाही. राजवाडे, महाविद्यालये, विश्रांतिगृहे ज्या संस्थानाच्या मालकीची होती, त्या संस्थानाला आपल्याच खर्चाने परदेशी धाडलेल्या अधिकाऱ्यासाठी एक खोली अगोदर राखून ठेवणे अशक्य नव्हते. चिझमसाठी बंगला असणार, बोर्डनसाठीही. गोऱ्या पाहुण्याच्या बिऱ्हाडाची काळजी दप्तराला आपोआप सुचते. आंबेडकरांच्या बाबतीत अर्ज करावा लागला आणि तो अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जात राहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, त्यामागे हाच अनुभव असावा की एकेक गुणी माणूस एकटा आणून बसविला तर कचेरी त्याला गिळून टाकते, आणि त्याच्यासारखे आणखी चारजण शेजारी असले तर शिपायालाही कागद हाती देण्याची सवय होते. सयाजीरावांची पद्धत व्यक्ती हेरण्याची होती, शाहूंची संख्या बदलण्याची. आणि गुणग्राहकतेत बडोदे कोल्हापूरच्या पुढे असेल, पण कचेरीच्या आतली हवा पालटावयाची तर कोल्हापूरची वाट अधिक व्यवहारी होती असे मला वाटते.

दहा वर्षांच्या करारापैकी बडोद्याला मिळाले ते थोडे दिवस. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि तेथेही काही सहाध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्यास हरकत घेतली. १९३० च्या अखेरीस लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली तेव्हा संस्थानिकांच्या बाजूस सयाजीराव बसले होते, आणि अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून आंबेडकर. बडोद्याच्या खजिन्याने घडविलेला हा माणूस त्या दिवशी बडोद्याच्या वतीने बोलत नव्हता, आणि बोलण्याचे त्याला काही कारणही उरले नव्हते.