नांदण्याचा हुकूम आणि तुरुंगाचा धाक

पत्नी रखमाबाई यांनीं आपल्या घरीं नांदावयास यावें, म्हणून दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लाविला. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाई सासरीं कधींच नांदल्या नव्हत्या. आपल्या संमतीवांचून झालेला विवाह बंधनकारक नाहीं, असें त्यांचें म्हणणें. न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ त दावा फेटाळला. जो सहवास घडलाच नाहीं, तो ‘परत’ कसा मिळवून द्यावयाचा? शिवाय हा उपाय हिंदु धर्मशास्त्रांतला नसून विलायतेहून आलेला, हेंही त्यांनीं दाखविलें.

अपिलांत निकाल फिरला. महिन्याभरांत पतिगृहीं जावें, नाहीं तर सहा महिने कैद, असें १८८७ त ठरलें. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दर्शविली! विटंबना अशी, कीं खुद्द इंग्लंडांत अशा हुकुमापायीं होणारी कैद दाव्याच्याच वर्षीं, १८८४ त, बंद झाली होती. हिंदुस्थानांत ती १९२३ पर्यंत टिकली.

१८८८ त दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं हुकुमाची बजावणी सोडली. बाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. जबरदस्तीनें वा फसवून घेतलेल्या संमतीचा विवाह रद्द करण्याची सोय १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत आहे. नांदावयास बोलावण्याचें कलमही त्यांत आहेच.