राजाची मोटार आणि रयतेची गाडी

चलथाणवरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, तसाच सुरतेहून नंदुरबार, अमळनेरकडे जाणारा तापी खोऱ्यातला लोहमार्गही. याच लोहमार्गाने खानदेशातील कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेच्या कापडधंद्यात आली. चलथाण ज्या पलसाणा तालुक्यात आहे, तो १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात मोडत असे. त्याच नवसारीत १८३९ साली जन्मलेल्या जमशेटजी टाटांचे नाव मुंबईच्या पहिल्या भारतीय मोटारमालकांत घेतले जाते. तेव्हा मोटारीचा इतिहास आपल्या अंगणापासूनच सुरू होतो.

हा इतिहास डोळ्यांनी पाहायचा, तर अहमदाबादजवळच्या कठवाड्यास जावे. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेल्या शंभराहून अधिक जुन्या मोटारी तेथे आहेत. रोल्स रॉइस, बेंटले, डेमलर, पॅकार्ड अशी एकेक घराणी! संस्थानिकांनी हौसेने अशा गाड्या मागवल्या. शिकारीसाठी, मिरवणुकीसाठी खास बांधूनही घेतल्या. संस्थाने गेली, १९७१ मध्ये तनखेही रद्द झाले आणि अनेक राजवाड्यांना हे पांढरे हत्ती पोसणे जड झाले. प्राणलालांसारखे शौकीन नसते, तर यांतल्या कित्येक गाड्या भंगारात गेल्या असत्या. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता, यावरून ही आवड अजून टिकून आहे असे दिसते.

परंतु या गाड्या चालवल्या कोणी? आरंभीची मोटार पुढून हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडायचे. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसवला, तोवर हा धोका बहुधा चालकानेच पत्करला. मालकाचे नाव इतिहासात राहिले. हँडल मारणाऱ्या हाताचे मात्र राहिले नाही.

रयतेची गाडी पुढे आली. १ जून १९४८ रोजी निळ्या रंगाची, चंदेरी टपाची पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तशी एस.टी.चीही वाटणी झाली आणि गुजरातचे स्वतंत्र महामंडळ उभे राहिले. गाड्यांवरील पाट्यांची लिपी बदलली. सीमेवरचे नातेसंबंध मात्र त्याच रस्त्यांवरून चालू राहिले. सोलापूरच्या गुजराती घरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या पद्मिनीने मुंबईत टॅक्सी होऊन हजारो संसार चालवले. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली.

राजाची मोटार जपायला धनिक पुढे येतात. रयतेच्या गाडीला मात्र आपल्या आठवणींखेरीज वाली नाही. आपल्या सीमाभागात घरटी कोणी ना कोणी एस.टी.चा चालक, वाहक, ट्रकवाला किंवा गॅरेजातला मिस्त्री निघेल. यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाशी त्यांना बोलते करावे. कोणती गाडी, कोणता घाट, पगार किती, रात्रीचा मुक्काम कुठे, हे मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. मराठीत किंवा गुजरातीत, जी लिपी हाताला सोपी पडेल तीत. अशी वही हेच आपले संग्रहालय, आणि ते उभारायला राजवाडा लागत नाही.