तरभावाचा नायक : फास्टर फेणेची माध्यमांतरे

महानायकाच्या चित्रमालिकेचे माध्यमांतर ही घटना आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे एक विशिष्ट चिन्हव्यवस्था कार्यरत असते याचा सहसा विसर पडतो. १९३८ च्या जूनमध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरलेला सुपरमॅन १९४० मध्ये नभोवाणीवर आणि १९४१ मध्ये ॲनिमेशनपटांत पोहोचला. त्याच सुमारास त्याच्या बाहुल्या व बिल्लेही बाजारात आले. जेरी सीगल आणि जो शुस्टर या त्याच्या निर्मात्यांनी मात्र त्यावरील हक्क अवघ्या १३० डॉलरांना देऊन टाकले होते. या प्रवासात मूळ संहिता आणि रूपांतर यांमधील उतरंडही शाबूत राहिली नाही. सुपरमॅनला निष्प्रभ करणारे 'क्रिप्टोनाइट' १९४३ मध्ये नभोवाणीवर प्रथम अवतरले आणि छापील चित्रकथेने ते नंतर स्वीकारले.

असा संचार शक्य होतो तो महानायकाच्या दृश्य चिन्हामुळे. छातीवरील मुद्रा आणि पाठीवरचा लाल शेला ओळखण्यासाठी एकही वाक्य वाचावे लागत नाही. म्हणून ती मुद्रा सदऱ्यावर, डब्यावर किंवा पडद्यावर सारख्याच सहजतेने उमटते. मराठीत महानायक आला तो याच वाटेने. ली फॉकचा १९३६ चा 'फँटम' १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून भारतीय वाचकांपुढे आला आणि मराठीत 'वेताळ' झाला. गावाच्या वेशीवरचा, भुतांचा अधिपती असलेला, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ मराठी मनाला परका नव्हता. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे. भारतीय आवृत्तीत 'बंगाला' या देशाचे 'डेंकाली' झाले, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. चित्र मात्र होते तेच राहिले. शब्द बदलले तरी बिघडत नाही, ही महानायकाच्या माध्यमांतराची पूर्वअट होय.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या स्वतःच्या साहसवीराकडे पाहिले असता नेमकी उलट स्थिती आढळते. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे हा चित्रकथेतून नव्हे, गद्यातून जन्मला. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भागवतांना परकीय साहसकथेचा साचा चांगलाच अवगत होता. तरीही त्यांनी निर्मिलेल्या नायकाजवळ ना गणवेश आहे, ना गुप्त ओळख, ना दिव्य शक्ती. बनेश फेणे हा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा. सायकल, तल्लख डोके आणि 'टॉक्' हा उद्गार, एवढीच त्याची सामग्री. यांपैकी सायकल कोणाचीही असू शकते. उरतो तो ध्वनी, आणि त्याचे नाव.

हे नाव बारकाईने पाहण्याजोगे आहे. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' या शब्दबंधात 'फ'चा तिहेरी अनुप्रास तर आहेच. शिवाय 'फुरसुंगी' उच्चारताच कानाशी घोटाळणारी 'फुरसत' आणि तिच्या शेजारी येणारा इंग्रजी 'फास्टर' यांच्यातील विरोधही विनोदाला जन्म देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'फास्टर' हे तरभावाचे रूप आहे, तमभावाचे नाही. सुपरमॅन हा नावानेच अतिमानव. त्याला तुलनेची गरज नाही. तरभावाला मात्र नेहमीच दुसऱ्या पदाची अपेक्षा असते. फेणे कोणापेक्षा तरी वेगवान असतो, आणि हे 'कोणी तरी' बहुधा प्रौढ असतात. त्याचे धाडस सामर्थ्याच्या आधिक्यातून येत नाही. ते वयाने व बळाने मोठ्या असलेल्यांच्या पुढे एक पाऊल राहण्यातून सिद्ध होते. 'गुलमर्गचे गूढ' असो वा प्रतापगडावरची कथा, भूगोल बदलला तरी हे नाते बदलत नाही.

माध्यमांतराची कसोटी लागते ती येथे. ऐंशीच्या दशकातील दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन यांच्या रूपाने फेणेला प्रथम चेहरा मिळाला, आणि वय जवळपास जपले गेले. २०१७ च्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात मात्र अमेय वाघ यांनी साकारलेला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण आहे. बालनायक मोठा करण्यामागे बाजाराचे गणित असेल. त्यामुळे तरभावाचे मूळचे दुसरे पद, म्हणजे प्रौढांचे जग, काही प्रमाणात हरवते हेही खरे. परंतु क्षितिज पटवर्धन यांच्या पटकथेने त्याजागी दुसरे पद आणले. प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराच्या या कथेत प्रत्येकालाच दुसऱ्यापेक्षा 'फास्टर' व्हायचे आहे. कथेतील गुन्हा ही त्या शर्यतीचीच विक्री आहे. सायकलींचे शहर शिकवणीवर्गांचे शहर झाले, त्याची ही नोंद ठरते. माध्यमांतर येथे केवळ पात्राचे झालेले नाही. शहराचेही झाले आहे. योगायोग असा की, त्याच वर्षी फुरसुंगी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली.

प्रसिद्धीच्या ओघात 'फाफे' असे आटोपशीर नावही पुढे आले. सदऱ्यावर छापण्यास ते सोयीचे. पण त्यात ना गाव उरते, ना तरभाव. फेणेभोवती वस्तूंचा मोठा बाजार उभा राहिला नाही, याचे कारण मराठी प्रकाशनव्यवसायाचा लहान आवाका आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो निराधार नाही. मात्र तेवढ्याने उलगडा होत नाही. ज्याची ओळख वाक्यात आहे, त्याचा बिल्ला करता येतो. परंतु तो बिल्ला वाचण्यासाठी आधी पुस्तक वाचलेले असावे लागते.

या चित्रपटाने केलेली एक निवड म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. त्यात भा. रा. भागवत हे स्वतःच एक पात्र आहेत. दिलीप प्रभावळकर यांनी ते साकारले आहे. सीगल आणि शुस्टर यांची नावे सुपरमॅनच्या कथांवर पुन्हा झळकण्यास १९७५ साल उलटावे लागले, कारण चिन्ह निर्मात्यावाचून जगू शकत होते. फेणेला पडद्यावर आणताना त्याच्या लेखकालाही सोबत आणावे लागले. यामागे आदर आहेच. शिवाय हे पात्र भाषेपासून आणि ती घडविणाऱ्या हातापासून सुटे करता येत नाही, याची ती कबुलीही आहे. पुढील रूपांतरकाराला फेणेचे वय, वेश, वाहन यांपैकी काहीही बदलता येईल. तो कोणापेक्षा 'फास्टर' आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला दर वेळी नव्याने शोधावे लागेल.