वडखळची खारभूमि, गांवठाण आणि नवीं घरें

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंतींचा, घंटेचा आणि आजवर सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत यावा, अशी वाचकांची अपेक्षा असते व ती रास्तच आहे. परंतु देऊळ ज्या भूमीवर उभें राहतें आणि भाविक ज्या भूमीवर आपले संसार थाटतात, त्या भूमीलाही इतिहास असतो. नव्या घराच्या आशीर्वादासाठीं आम्हांस बोलावणें येतें, तेव्हां कालपर्यंत जेथें भाताचीं रोपें डोलत होतीं तेथें आज उंबरठा दिसतो. एका कुटुंबास निवारा मिळाला म्हणून आनंद होतो. त्याबरोबरच येथें घर व्हावें हें कोणीं ठरविलें, असा प्रश्नही मनांत उभा राहतो. त्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगावा असा आमचा मानस आहे.

वडखळ हें पेण तालुक्यांतील गांव, मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता जेथें फुटतो तेथें वसलेलें. धरमतरच्या खाडीकडील हा सखल मुलूख निसर्गानें शेतीसाठीं दिलेला नव्हे. तो माणसांनीं समुद्रापासून मिळविला. मातीचे बांध घालून भरतीचें पाणी अडवावयाचें, उघाड्यांतून ओहोटीच्या वेळीं आंतलें पाणी सोडावयाचें, पावसाच्या गोड्या पाण्यानें मातींतील क्षार धुवून काढावयाचा आणि मग त्यांत भात पिकवावयाचें, अशा कष्टानें हीं शेतें झालीं. बांध एकट्यानें राखतां येत नाहीं. एकानें आपल्या वांट्याकडे दुर्लक्ष केलें कीं तेथें खांड पडते आणि शेजाऱ्याच्या शेतांतही खारें पाणी शिरतें. म्हणून सर्वांनीं मिळून बांध राखण्याची ‘जोळ’ नांवाची वहिवाट ह्या खारेपाटांत रूढ झाली. पुढें १९४८ सालीं मुंबई सरकारनें खार जमिनींसाठीं कायदा केला व १९७९ सालीं महाराष्ट्राचा खारभूमि विकास अधिनियम झाला. परंतु कायद्याच्या किती तरी आधीं, आपल्या शेताचा प्रश्न हा शेजाऱ्याचाही प्रश्न आहे, हें येथील निरक्षर शेतकऱ्यांस ठाऊक होतें.

घरें मात्र शेतांत नव्हतीं. उंचवट्याच्या जागीं एकमेकांस लागून घरें, भोंवतीं शेतें, ही गांवाची जुनी रचना. इंग्रजी अमलांत मोजणी होऊन ह्या वस्तीच्या जागेस ‘गांवठाण’ म्हणून हद्द पडली. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यानें शेतजमिनीचा अन्य कामासाठीं उपयोग करण्यास कलेक्टरची परवानगी आवश्यक केली. ग्रामपंचायतींचे कायदे मुंबई इलाख्यांत १९२० व १९३३ सालीं झाले आणि सध्यांचा १९५८ सालीं. ह्या शेवटच्या कायद्यानें घर बांधण्यापूर्वीं पंचायतीची परवानगी घेण्याचा दंडक घातला. परंतु शेत बिगरशेती करावयाचें कीं नाहीं, ही सत्ता १९६६ च्या महसूल अधिनियमानेंही जिल्हाधिकाऱ्यांकडेच ठेविली. आणि त्याच वर्षींच्या नगररचना अधिनियमानें प्रादेशिक योजना करण्याचें काम गांवाबाहेरील मंडळांकडे दिलें. नंतरच्या वर्षांत बिगरशेतीचे नियम पुष्कळ सैल झाले. पण गांवठाणाच्या आंत पंचायत व बाहेर सरकार, ही मूळ विभागणी तेव्हांच पडली.

येथें एक गोष्ट विसरूं नये. आज जी जमीन विकावी कीं राखावी असा विचार आपण करितों, ती आपली असावी म्हणून ह्याच जिल्ह्यांत मोठा झगडा झाला आहे. अलिबाग तालुक्यांतील चरी येथें १९३३ सालीं कुळांनीं खोतांविरुद्ध संप पुकारला, तो १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांस पाठिंबा दिला व १९३७ सालीं खोती रद्द करण्याचें विधेयक कायदेमंडळांत मांडलें. त्या वर्षांत कुळांनीं शेतें पडीक ठेवून उपासमार सोसली. पुढें कूळकायद्यानें कसणारा मालक झाला. आजोबांनीं उपास काढून मिळविलेली जमीन नातवानें एका सहीनें द्यावी, हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती सही विचारपूर्वक व्हावी, इतकें म्हणण्याचा आम्हांस अधिकार आहे.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या भूमीवर नवी मुंबई उभारण्याचें काम सुरू झालें. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत जासई परिसरांतील आंदोलनांत गोळीबार होऊन पांच शेतकरी मृत्यु पावले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील होते, विकसित जमिनीपैकीं साडेबारा टक्के भाग मूळ मालकांस परत देण्याचें धोरण त्यांतूनच आलें. पण गांवठाणें वेळेवर वाढविलीं गेलीं नाहींत. कुटुंबें वाढलीं, मुलांचीं लग्नें झालीं, आणि पिढ्यान् पिढ्या तेथेंच राहणाऱ्यांनीं गांवाच्या कडेला घर बांधलें तें ‘अनधिकृत’ ठरलें. शेजारीं परवानगीचे उंच मनोरे आणि मधोमध विनापरवाना भूमिपुत्र, असें हें चित्र आहे.

आमच्या पेण तालुक्यानें मात्र एक निराळा दाखला घालून दिला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील हजारों एकर जमीन घेण्याचें ठरलें. त्या क्षेत्रांत कारखान्यांबरोबर वसाहतींसही जागा होती. हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला. ज्या धरणाचें पाणी नव्या मुंबईच्या घरांत जातें त्याचें पाणी आधीं आमच्या शेतास द्या, हें त्यांचें म्हणणें होतें. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजीं सरकारनें ह्या शेतकऱ्यांचें मत मतपत्रिकेनें घेतलें. त्याचा निकाल सरकारनें रीतसर जाहीर केला नाहीं; परंतु तो प्रकल्पही तेथें उभा राहिला नाहीं. शेतकऱ्यास आधीं विचारावें लागतें, हें त्या दिवशीं सर्वांस कळलें.

आपल्या वसईकर बांधवांचा अनुभवही ध्यानांत घेण्यासारखा आहे. १९९० सालीं तेथील नियोजन सिडकोकडे गेलें आणि हिरवा पट्टा बांधकामासाठीं खुला होऊं लागला, तेव्हां हरित वसई संरक्षण समितीनें विहिरी, वाड्या व बागाइती यांसाठीं लोकजागृति केली. तिचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. २०२४ सालीं ते परमेश्वराच्या घरीं गेले. जुलै २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हां गांवांनीं तींत जाण्यास नकार दिला. २०११ सालीं २९ गांवें वगळण्याचा निर्णय सरकारनें केला, त्यावर न्यायालयांत वर्षानुवर्षें वाद चालला, आणि २०२४ सालीं सरकारनें तो निर्णय फिरविला. आपला हक्क एकदां मिळवून भागत नाहीं, तो बांधाप्रमाणें दरवर्षीं राखावा लागतो, हाच त्याचा बोध.

आतां लाट आपल्या दारीं आली आहे. २०१३ सालीं ‘नैना’ क्षेत्रासाठीं सिडकोस नियोजनाचा अधिकार मिळाला. तेथील नगररचना योजनांत जमीनमालकास चाळीस टक्के विकसित जमीन परत देण्याची रीत आहे. २०१९ मध्यें पेण तालुक्याचा उरलेला भागही मुंबई महानगर प्रदेशांत घेण्यांत आला. जानेवारी २०२४ मध्यें शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाला, आणि त्याच वर्षीं उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गांवांसाठीं नव्या नगराचें नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्याचें पाऊल सरकारनें टाकलें; त्यावर गांवकऱ्यांनीं हरकती नोंदविल्या.

ह्या इतिहासावरून नवीं घरें नकोतच असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. पोटासाठीं परगांवाहून आलेला मनुष्यही आपला शेजारी आहे, आणि आमच्या मिस्सेच्या बांकांवर असे कित्येक शेजारी बसतात. तेही कोणाच्या तरी जुन्या शेतावर राहतात. पवित्र शास्त्रांत नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. राजानें मोबदला देऊं केला होता, तरी वाडवडिलांचें वतन नाबोथानें दिलें नाहीं. तेथें अन्याय झाला तो मळा मागितल्यामुळें नव्हे. मालकाचें ‘नाहीं’ ऐकून घेण्याची तयारी नव्हती, म्हणून. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत सृष्टीस सर्वांचें सामायिक घर म्हटलें, तें ह्याच विचाराशीं जुळतें.

म्हणून ज्युबिलीच्या वर्षीं आमची विनंति साधी आहे. ग्रामसभेची दवंडी अथवा नोटीस आली कीं घरीं बसूं नका. योजनेचा नकाशा प्रसिद्ध होईल तेव्हां आपला गट क्रमांक शोधून पाहा व मुदतींत हरकत अगर संमति लेखी द्या. गांवठाण वाढवून मागा, म्हणजे आपल्या मुलांस चोरून घर बांधावें लागणार नाहीं. आणि उघाडीवर, ओढ्यावर, पाण्याच्या वाटेवर भराव घालून कोणी भूखंड देऊं करील, तर स्वस्त मिळतो म्हणून घेऊं नका. पावसाळ्यांत तें पाणी शेजाऱ्याच्या घरांत जाईल. जुन्या लोकांनीं बांध मिळून राखला, म्हणून आपणांस भूमि मिळाली. पुढील ज्युबिली पाहणाऱ्या मुलांस आपण काय ठेवून जाणार, ह्याचा विचार प्रत्येकानें प्रार्थनापूर्वक करावा, आणि परमेश्वरानें आपणां सर्वांस त्यासाठीं सद्बुद्धि द्यावी.